मूलनिवासी, नासिकक आणि वास्तव्य : एका शब्दाचा शोध

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांस मिळतात. येथे वाहनाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांत चार जिल्ह्यांची आणि चार राज्यांची माणसे सहज सापडतात. त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांकडे जाण्यासाठी आम्ही अनेकदा येथूनच निघतो. अशाच एका सकाळी शेजारी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी, प्रवासात सगळेच विचारतात तसे, आम्हांस विचारले, "आपण मूळचे कुठले?" आम्ही गावाचे नाव सांगितले. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला, "गावात घर कोणत्या अंगाला?"

हा दुसरा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाव असते. दुसऱ्याचे उत्तर जात असते. 'मूळचे कुठले' या साध्या विचारपुशीच्या पोटात माणसाची जागा ठरविण्याचा केवढा मोठा व्यवहार दडलेला आहे, हे या दोन प्रश्नांमधील अंतरावरून ध्यानी यावे. 'मूळ' या शब्दाने ज्यांना आजवर गावाबाहेर ठेवले, त्यांनीच पुढे त्या शब्दावर आपला हक्क सांगितला आणि 'मूलनिवासी' हे नाव धारण केले. आज आंबेडकरी चळवळीतील सभांतून, पत्रकांतून आणि घरातील चर्चांतून हा शब्द सर्रास ऐकू येतो. काहींना तो अभिमानाचा वाटतो, तर काहींना तो बाबासाहेबांच्या विचाराशी विसंगत वाटतो. प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, त्याचा आधुनिक जन्म आणि त्रिरश्मीवरील शिलालेखांची साक्ष या तीन अंगांनी त्याचा विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दाची घडण

'मूलनिवासी' हा 'मूल' आणि 'निवासी' या दोन पदांचा समास आहे. दोन्ही पदे प्राचीन आहेत आणि पालि भाषेत ती विपुल आढळतात. पालीत 'मूल' म्हणजे झाडाचे मूळ. त्यावरून कारण, उगम. लोभ, द्वेष आणि मोह यांना तथागतांनी अकुशलाची मुळे म्हटले, ते याच अर्थाने. 'मूल' याचा आणखी एक अर्थ किंमत असा आहे. त्रिरश्मीवरील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांस शेत विकत घेतल्याची नोंद आहे. तेथे 'मूल' हा शब्द किमतीसाठीच आला आहे. आपल्या मराठीतील 'मोल' या शब्दाचे हे जवळचे नातलग. एकाच शब्दातून मूळही निघाले आणि मोलही निघाले, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

'निवास' म्हणजे वसती. पूर्वजन्मांच्या स्मृतीला पालीत 'पुब्बेनिवासानुस्सति' म्हणतात. म्हणजे पूर्वी जेथे जेथे वसती केली त्यांचे स्मरण. विहारात कायम राहणाऱ्या भिक्खूला 'आवासिक' किंवा 'नेवासिक' म्हणतात. परंतु 'मूल' आणि 'निवासी' ही दोन पदे जोडून एखाद्या लोकसमूहाचे नाव केल्याचे तिपिटकात आढळत नाही. एखाद्या प्रदेशात जन्मलेल्यांसाठी तेथे 'जातिभूमक' असा शब्द आहे. मज्झिम निकायातील रथविनीत सुत्तात तथागतांच्या जन्मभूमीतील भिक्खू वर्षावास संपवून राजगृहास येतात. तथागत त्यांना प्रश्न विचारतात. तो प्रश्न कोणाचे कुळ तेथे सर्वांत जुने, असा नाही. तुमच्या भूमीतील भिक्खूंमध्ये अल्पेच्छ, संतुष्ट, एकांतप्रिय आणि इतरांनाही त्या मार्गाला लावणारा म्हणून कोणाची ख्याती आहे, असा तो आहे. त्यावर पुण्ण मन्तानिपुत्त यांचे नाव पुढे येते. जन्मभूमी हा चौकशीचा आरंभ आहे. तिचे मोल माणसाच्या शीलावरून ठरते.

आधुनिक जन्म

तेव्हा 'मूलनिवासी' हे लोकवाचक नाम प्राचीन नसून आधुनिक काळातील गरजेतून घडले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ही गरज कोणती होती?

एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वानांनी आर्यांच्या आगमनाचा सिद्धांत मांडला. आपल्याकडील उच्चवर्णीय विद्वानांनी त्याचा उपयोग स्वतःस इंग्रजांचे दूरचे भाऊबंद ठरविण्यासाठी केला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथात हाच सिद्धांत उलटा फिरवला. आर्य जर बाहेरून आले असतील, तर येथील बळीराजाचे राज्य कोणी घेतले आणि शूद्रादि-अतिशूद्रांना दास कोणी केले, हा त्यांचा सवाल होता. शतकाच्या अखेरीस गोपाळबाबा वलंगकर यांनी आपल्या संस्थेच्या नावातच 'अनार्य' हा शब्द योजिला. ज्या शब्दाने हिणवले जात होते तोच शब्द मान वर करून उच्चारणे, ही त्या काळातील मोठी झेप होती.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत हीच प्रेरणा देशभर 'आदि' या उपपदातून प्रकट झाली. दक्षिणेत आदि-द्रविड आणि आदि-आंध्र, उत्तरेत स्वामी अछूतानंदांची आदि-हिंदू चळवळ, पंजाबात १९२६ साली मंगूराम यांनी उभारलेले आद धर्म मंडळ, ही त्याची ठळक उदाहरणे होत. १९३८ साली छोटा नागपुरात आदिवासी महासभा स्थापन झाली आणि जयपालसिंग मुंडा यांच्या नेतृत्वाखाली 'आदिवासी' हा शब्द राजकीय जीवनात स्थिरावला. ६ डिसेंबर १९७८ रोजी कांशीराम, डी. के. खापर्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बामसेफची रीतसर स्थापना केली. पुढे या संघटनेच्या प्रबोधन-शिबिरांतून 'मूलनिवासी बहुजन' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर रूढ झाला. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि धर्मांतरित अल्पसंख्याक यांना एका नावाखाली आणणे, हा त्यामागील हेतू होता. सहा हजार जातींत विभागलेल्या समाजाला एक नाव हवे होते. ते या शब्दाने दिले, हे कोणाही अभ्यासकाला नाकारता येणार नाही.

येथे जगातील घडामोडींचाही संदर्भ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक ९ ऑगस्ट १९८२ रोजी झाली, म्हणून तो दिवस जगातील मूलनिवासी लोकांचा दिवस मानला जातो. २००७ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्या हक्कांची घोषणाही केली. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया खंडांत समुद्रापलीकडून आलेले कोण आणि आधीपासून असलेले कोण, हे कागदोपत्री दाखविता येते. भारताची गोष्ट वेगळी आहे. येथे हजारो वर्षे माणसे येत राहिली, मिसळत राहिली, आणि एका टप्प्यावर ते मिसळणे बळाने थांबविले गेले. या 'थांबविण्या'कडे आम्ही पुढे वळणार आहोत.

शीव सांगणारा आणि शिवेबाहेरचा

या शब्दाच्या मागे असलेली वेदना समजून घेतल्याशिवाय त्याची चिकित्सा करणे अन्यायाचे होईल. मराठी गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे कुळांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क, तर उपरी हा बाहेरून येऊन कसणारा. या दोहोंच्याही बाहेर, गावकुसापलीकडे, महारवाडा होता. पण गावाच्या शिवेचा तंटा निघाला की शीव कोठून कोठे जाते हे सांगण्याचा मान महाराचा असे. त्याने दाखविलेल्या खुणा गाव मानीत असे. म्हणजे ज्याची स्मृती गावाच्या सीमेबद्दल सर्वांत जुनी आणि विश्वासार्ह मानली जाई, त्यालाच त्या सीमेच्या आत घर बांधता येत नसे. महार वतनाच्या नावाखाली हे बंधन चालू राहिले. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

नाशिकमध्येच २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे या जिल्ह्याच्या मातीतले कार्यकर्ते त्याच्या अग्रभागी होते. त्यांच्याच शहरातील दार त्यांना पाच वर्षे बंद राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. स्वतःच्या गावात परका ठरविलेल्या माणसाने 'आम्हीच येथले मूळचे' असे म्हणावे, यात नवल ते काय? शब्द म्हणून 'मूलनिवासी'चे खरे बळ या ठिकाणी आहे. तो इतिहासाचे विधान होण्याआधी न्यायाची मागणी होता. मात्र मागणी न्याय्य असली म्हणून तिच्यासाठी दिलेले प्रत्येक कारण खरे असतेच असे नाही, आणि येथूनच अभ्यासकाचे काम सुरू होते.

बाबासाहेबांची भूमिका

बाबासाहेबांनी वंशसिद्धांताची तपासणी एकदा नव्हे, अनेकदा केली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी जातीचे मर्म वंशात न शोधता बेटीबंदीत शोधले. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार हे वंशदृष्ट्या एकच असल्याचे सांगितले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांत वेदांच्या पुराव्यावर टिकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम वंशभेदात नाही, असे प्रतिपादन करून त्यांनी विस्कळीत झालेल्या टोळ्यांतील माणसे, त्यांची बौद्धनिष्ठा आणि गोमांसाचा प्रश्न यांकडे लक्ष वेधले.

यावर कोणी म्हणेल की, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा अभिमानाने उल्लेख केला आहे. तो उल्लेख आहेच. पण त्यांनी नागांचा गौरव केला तो त्यांनी बुद्धाचा धम्म भारतभर पसरविला म्हणून. नाग हे त्यांच्या दृष्टीने धम्माच्या कामाने आपले पूर्वज ठरतात. तसेच संविधान सभेत १९४८ साली 'आदिवासी' या शब्दाची मागणी झाली तेव्हा हा सर्वसामान्य शब्द असून त्यास निश्चित कायदेशीर अर्थ नाही, आणि हक्क द्यावयाचे तर कोणाला द्यावयाचे हे मोजता आले पाहिजे, म्हणून त्यांनी 'अनुसूचित जमाती' या संज्ञेचा पुरस्कार केला. नावाने मन उभे राहते, हक्क मात्र निश्चित व्याख्येने मिळतात, हा विवेक त्यांच्या उत्तरात दिसतो.

अलीकडे या विषयात जनुकशास्त्राचा आधार घेण्याची प्रवृत्ती वाढली आहे. २००१ साली आंध्र प्रदेशातील जातींवर झालेल्या एका अभ्यासाचा हवाला मूलनिवासी विचाराच्या व्यासपीठांवरून वारंवार दिला जातो. तो अभ्यास झाला हे खरे. पण त्यानंतरचे संशोधन पुष्कळ पुढे गेले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारताच्या मुख्य भूमीवरील जवळपास सर्व समूह, आदिवासी धरून, निरनिराळ्या प्राचीन लोकांच्या मिश्रणातून घडले आहेत. हे मिश्रण आजपासून सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होते. त्यानंतर बेटीबंदीचा काळ सुरू झाला. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्यांचा अंश काही ब्राह्मण समूहांत तुलनेने अधिक आढळतो, हेही २०१९ च्या संशोधनात नमूद आहे. पण अधिक आणि उणे म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध नव्हे. निर्भेळ मूळचा असा समूह या मोजणीत सापडत नाही. सापडते ती एक तारीख : मिसळणे केव्हा थांबले याची. बाबासाहेबांनी १९१६ साली ज्या बेटीबंदीवर बोट ठेवले होते, तिचीच खूण शास्त्रज्ञांना रक्तात सापडावी, हे आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते.

त्रिरश्मीची साक्ष

सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा काळ म्हणजेच त्रिरश्मीवरील अनेक लेखांचा काळ. द्वारका चौकातून महामार्गाने मुंबईच्या दिशेस सात-आठ किलोमीटर गेले की हा डोंगर लागतो. लोक त्यास पांडवलेणी म्हणतात. पांडवांशी त्याचा काही संबंध नाही; ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खुसंघाची आहेत. शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' आणि 'त्रिरश्मि' असे येते. येथील रहिवासी स्वतःला काय म्हणवीत, हे या लेखांत स्पष्ट वाचता येते.

अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागावर 'नासिककानं' असा शब्द आहे. नासिकचे रहिवासी असलेल्या धंभिक गावच्या लोकांनी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. शेजारच्या एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी 'नासिकक' समण नावाच्या महामात्राने लेणे करविल्याचे कोरले आहे. नाशिककर या आजच्या शब्दाचे हे दोन हजार वर्षांपूर्वीचे रूप म्हणता येईल. 'नासिकक' या शब्दात स्थळ आहे. त्यात वर्ण नाही, वंश नाही आणि किती पिढ्यांपासून, याचा हिशेबही नाही.

दुसरा शब्द 'वाथव', संस्कृत 'वास्तव्य'. अर्थ, राहणारा. उषवदाताने संघासाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनातील श्रेणींकडे ठेवली. पैकी २००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. या श्रेणींना लेखात 'गोवधनवाथव' म्हटले आहे. आणि हाच शब्द दुसऱ्या एका लेखात वुधिक नावाच्या लेखकाला लावला आहे. तो शक होता आणि 'दसपुरवाथव', म्हणजे आजच्या मंदसौरचा रहिवासी होता. गोवर्धनचे कोष्टी आणि दशपूरचा शक यांच्यासाठी शब्द एकच आहे. जो जेथे राहतो तो तेथला.

सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त याहूनही दूरचा. धम्मदेवाचा हा पुत्र स्वतःस उत्तरेकडील दात्तामित्रीचा यवन म्हणवितो. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा. त्याने आईवडिलांच्या स्मरणार्थ, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, पुत्र धम्मरक्षितासह हे लेणे खोदवून चारही दिशांच्या भिक्खुसंघास अर्पण केले. आपले परकेपण त्याने लपविले नाही, आणि संघानेही ते विचारले नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवरही धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. याच त्रिरश्मीवर आठव्या लेण्यात 'दासक' मुगुदासाचे दान आहे. 'दासक' म्हणजे मासे धरणारा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. यवन दाता, शक लेखक आणि येथला कोळी यांची दाने एकाच डोंगरावर आहेत.

तिसऱ्या लेण्यात मात्र वेगळा सूर ऐकू येतो. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने येथील मोठा लेख कोरविला. त्यात आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची तिने केलेली स्तुती आहे. तो शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक. तो क्षहरात वंश निःशेष करणारा. आणि त्याच ओघात, तो चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा. बाहेरून आलेल्यांचा नायनाट आणि वर्णांचे मिसळणे बंद करणे, या दोन बढाया एकाच दमात येतात. हा केवळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. रक्ताच्या कसोटीवर परका ठरविणारा विचार घरातही रक्ताच्या भिंती घालतो. परक्यास हाकलण्याची भाषा आणि शेजाऱ्यास अस्पृश्य ठरविण्याची भाषा या एकाच व्याकरणाच्या आहेत.

इतिहास एकपदरी नसतो, हेही येथेच दिसते. हे लेणे बलश्रीने भदायनीय भिक्खूंना दिले. गौतमीपुत्रानेही, जे शेत पूर्वी उषवदाताच्या ताब्यात होते, ते २०० निवर्तनांचे शेत याच डोंगरावरील भिक्खूंना दिले. राजे एकमेकांस निःशेष करीत होते. संघ दोघांच्याही दानातून विद्येची आणि शीलाची परंपरा चालवीत होता.

पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षी शक अग्निवर्म्याची कन्या, उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धनातील श्रेणींकडे ठेव ठेवली. तिच्या लेखात भिक्खुसंघाला दोन विशेषणे लावली आहेत : 'त्रिरश्मिपर्वतविहारवास्तव्य' आणि 'चातुर्दिश'. त्रिरश्मीवरच्या विहारात राहणारा, आणि तरीही चारही दिशांचा. एका वेळी येथला आणि सगळीकडला! बौद्धांच्या रहिवासाची याहून नेमकी व्याख्या आम्हांस कोठे आढळलेली नाही.

आधी आलेल्याचे कर्तव्य

या व्याख्येमागे विनयाची शिकवण आहे. चुल्लवग्गात विहारात राहणारा आवासिक आणि नव्याने येणारा आगंतुक यांची परस्परांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. आवासिकाने आगंतुक ज्येष्ठ भिक्खूसाठी आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, राहण्याची जागा दाखवावी. आगंतुकानेही विहाराची शिस्त पाळावी. ज्येष्ठता मोजावयाची ती उपसंपदेपासूनच्या वर्षांनी. कोण या विहारात आधी आला यावरून नव्हे. आधीपासून असण्याने येथे अधिकार वाढत नाही, जबाबदारी वाढते.

सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात गोदावरीच्या तीरावरील बावरीची कथा आहे. पालि साहित्यात गोदावरीकाठच्या लोकांचा बुद्धाशी आलेला हा अतिशय जुना संबंध होय. बावरी स्वतः कोसल देशाहून दक्षिणेत आलेला होता. त्याचे सोळा शिष्य प्रतिष्ठानवरून, म्हणजे पैठणवरून, उत्तरेस तथागतांकडे गेले. आपल्या भूमीतील धम्माची ही कथाच मुळी एका स्थलांतरिताच्या आश्रमात सुरू होते. आणि 'आर्य' या शब्दाचे काय? अंगुलिमाल सुत्तात प्रव्रज्येनंतरच्या जीवनाला आर्य जन्म म्हटले आहे. ज्या शब्दाला वेदांनी कुळ चिकटविले, त्याचे कुळ काढून तथागतांनी त्यात शील भरले. शब्द टाकून न देता त्याचा अर्थ बदलण्याची ही बौद्ध रीत आहे. 'मूलनिवासी' या शब्दाबाबतही ती अवलंबिता येईल काय, असा आमचा प्रश्न आहे.

आजचा व्यवहार

हा प्रश्न निव्वळ पंडिती नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी मूळ गाव आणि रहिवासाचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ हे त्यासाठीचे मानीव दिनांक आहेत. ज्यांना १९५२ पर्यंत गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवले, ज्यांच्या पालांना कोणत्याही गावाने जागा दिली नाही, त्यांनी मूळ गाव कोठून आणावे? लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनास 'उपरा' हे नाव दिले, त्यामागे हाच प्रश्न होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोटासाठी गेलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला तेथे आरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली ठरविले. अस्पृश्यता त्याच्याबरोबर प्रवास करते. हक्क मात्र मूळ राज्यात राहतात. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये याच नाशिकमधून उत्तर भारतीय कामगार भीतीने हजारोंच्या संख्येने गाव सोडून गेले. त्या वेळी त्यांच्यावर उगारलेला शब्द होता 'भूमिपुत्र'. मूळपणाची काठी एकदा हाती आली की ती नेमक्या कोणाच्या पाठीवर पडेल, हे काठी घडविणाऱ्याच्या हाती राहत नाही.

म्हणून 'मूलनिवासी' या शब्दाविषयी आमचे मत असे. जेथे हा शब्द 'आम्ही या देशात परके नाही, येथील जमीन, पाणी, ज्ञान आणि सत्ता यांवर आमचा बरोबरीचा हक्क आहे' असे सांगतो, तेथे तो खरा आहे आणि फुल्यांपासूनच्या परंपरेस धरून आहे. जेथे तो रक्त मोजू लागतो, तेथे तो मनुस्मृतीची फूटपट्टी उलटी धरतो. पण फूटपट्टी तीच राहते. त्या मापाने इंद्राग्निदत्त परका ठरेल, विष्णुदत्ता परकी ठरेल आणि ज्या लेण्यांत आपण वंदना म्हणतो ती लेणीही परक्यांची ठरतील. शिवाय तेवढ्याने हक्कही मिळणार नाहीत. ते संविधानातील निश्चित शब्दांनी आणि संघटित प्रयत्नांनीच मिळाले आहेत.

द्वारका चौकातील त्या गृहस्थांना आम्ही घर कोणत्या अंगाला ते सांगितले, आणि त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही. पुन्हा कोणी विचारले तर उत्तर तेच राहील, कारण गावकुसाबाहेरचे ते घर लपविण्याजोगे नाही. पण त्यापुढे आणखी एक वाक्य आम्ही जोडू : आम्ही येथले वास्तव्य, आणि चारही दिशांचे. हे वाक्य आमचे नव्हे. त्रिरश्मीवर दहाव्या लेण्याच्या भिंतीत एका शक उपासिकेने ते कोरवून ठेवले आहे, आणि ते आजही वाचता येते.